शेजारी देशांची चढाओढ: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

शेजारी देश एकमेकांची थट्टा कशी करतात, यावर मागच्या अंकात लेख होता. त्यात नॉर्वे आणि स्वीडन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, कॅनडा आणि डेन्मार्क अशा जोड्या होत्या. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. गंमत वाचून झाली, आता हे वर्गात, मैदानावर, घरात वापरायचं कसं, असा बहुतेकांचा सूर आहे. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड): स्वीडनमधले लोक नॉर्वेवाल्यांना बावळट ठरवतात आणि नॉर्वेवाले स्वीडनवाल्यांना, असं तुम्ही लिहिलं होतं. एकच विनोद दोन्हीकडे कसा चालतो? आणि पुण्यात आमच्या बोलण्यावरून जे विनोद होतात, ते याच जातीचे का?

हो, त्याच जातीचे. आधी नमुना बघा. गाडीचा इंडिकेटर लागतो का ते बघायला मित्राला मागे उभं केलं. तो ओरडतो, "लागला! गेला! लागला! गेला!" मागे उभा कोण, एवढंच देशागणिक बदलतं.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी अनेक देशांतले असे विनोद गोळा करून ताडून पाहिले. त्यांच्या हाती लागलेली गोष्ट अशी, की बावळटपणाचा शिक्का फार लांबच्या, अगदी वेगळ्या लोकांवर सहसा बसत नाही. तो बसतो भाषेने, चालीरीतीने आपल्यासारख्याच पण कडेला राहणाऱ्या लोकांवर. इंग्रज आयरिश लोकांवर विनोद करतात, फ्रेंच बेल्जियमवर आणि ब्राझीलवाले पोर्तुगीजांवर. दुसरी मोठी जात चिक्कूपणाच्या विनोदांची. डच लोक बेल्जियमवाल्यांना मठ्ठ म्हणतात, बेल्जियमवाले डचांना कंजूष. बल्गेरियात गाब्रोवो नावाचं गाव कंजूषपणासाठी बदनाम आहे. दार लवकर लागावं, घरातली ऊब जाऊ नये, म्हणून तिथले लोक मांजराची शेपटी कापतात, असा विनोद. गाब्रोवोकरांनी तो स्वतःच उचलला, बिनशेपटीचं मांजर गावाचं चिन्ह केलं आणि 1972मध्ये विनोदाचं संग्रहालयच काढलं.

आता पुणं. भाषा एक, केंद्र तिकडे, कड इकडे. "काय करायलास?" ऐकून हसणारा माणूस डेव्हिस यांच्या नियमात नेमका बसतो. त्यात तुमच्या अकलेचा काही संबंध नाही, नकाशावरच्या जागेचा आहे.

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हे विनोद पचतात, कारण चेंडू दोन्ही बाजूंनी टाकला जातो. 1814 ते 1905 या काळात नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता. 1905मध्ये युद्ध न होता दोघं वेगळे झाले. पुढे नॉर्वेला समुद्रात तेल सापडलं आणि स्वीडनची तरुण पोरं ओस्लोत हॉटेलात, दुकानात कामाला जाऊ लागली. पारडं दोनदा फिरल्यामुळे कायमचा वरचढ कुणी उरला नाही.

म्हणून तुमच्यासाठी कसोटी सोपी आहे. मित्र हसला आणि तुम्हीही त्याच्या "अरे वा, छान हं" या सुरावर हसू शकलात, तर खेळ चालू द्या. त्याच बोलीवरून खोली नाकारली गेली, तोंडी परीक्षेत गुण कापले गेले किंवा प्लेसमेंटच्या मुलाखतीत शेरा आला, तर तो विनोद राहत नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि विभागप्रमुखांकडे लेखी द्या. तोंडी तक्रार "गंमत होती" या एका वाक्यात उडवली जाते.

प्रश्न (निवृत्त कर्मचारी, परभणी): कॅनडा आणि डेन्मार्क दारूच्या बाटल्या ठेवून भांडत होते, हे खरं का?

खरं. कॅनडाचं एल्समियर बेट आणि डेन्मार्कच्या राज्यातलं ग्रीनलंड यांच्यामधल्या अरुंद समुद्रात हान्स नावाचा 1.3 चौरस किलोमीटरचा उघडा खडक आहे. 1973मध्ये दोन्ही देशांनी समुद्रातली हद्द ठरवली, पण या खडकापाशी रेघ सोडून दिली. 1984मध्ये कॅनडाने तिथे झेंडा आणि व्हिस्की ठेवली. त्याच वर्षी डेन्मार्कचे ग्रीनलंड खात्याचे मंत्री हेलिकॉप्टरने आले आणि आपला झेंडा व आपली बाटली ठेवून गेले. पुढे हे चालूच राहिलं. 14 जून 2022ला बेट दोघांत वाटून घेतलं गेलं आणि कॅनडा व डेन्मार्कच्या राज्याला एकमेकांशी लागून जमिनीवरची हद्द मिळाली. तिथे वस्ती नव्हती, पाणी-शेती नव्हती, म्हणून भांडण इतकं हलकं राहिलं. तिथल्या मूळच्या इनुइट शिकाऱ्यांची वहिवाट मात्र जुनी आहे आणि करारातही तिचा विचार झाला आहे.

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका, उदगीर): नववीत 'आपले शेजारी देश' असा तक्ता करायला दिला. मुलांनी नेपाळपुढे 'वॉचमन', चीनपुढे 'नकली माल', श्रीलंकेपुढे 'रावण' लिहिलं. नुसतं रागावून उपयोग होणार नाही असं वाटतं. काय करू?

बाई, तक्ता फाडू नका. तोच तुमचा धडा आहे. दोन तासिका लागतील.

पहिल्या तासिकेत फळ्यावर तीन रकाने आखा: 'नकाशात किंवा पुस्तकात तपासता येतं', 'ऐकलंय', 'कुणाकडून ऐकलं'. पाच-पाच मुलांचे गट करा, गटाला एक देश द्या आणि प्रत्येक मुलाकडून दोन चिठ्ठ्या लिहून घ्या. लिहायला दहा मिनिटं पुरतात. मग गटाने चिठ्ठ्या रकान्यांत लावायच्या. इथे एक घोटाळा हमखास होतो. मुलं वाईट वाक्यं 'ऐकलंय'मध्ये टाकतात आणि चांगली वाक्यं न तपासता पहिल्या रकान्यात. "भूतानचे लोक आनंदी असतात" हीसुद्धा ऐकीव गोष्ट आहे. भूतान सरकारने आनंद हे धोरण म्हणून स्वीकारलं, एवढं तपासता येतं. प्रत्येक भूतानी माणूस आनंदी आहे, हे नाही. गोड शिक्काही शिक्काच असतो, हे मुलांच्या ध्यानात आलं की निम्मं काम झालं.

दुसरी तासिका जास्त महत्त्वाची. नेपाळमधली नववीची मुलं आपल्याबद्दल काय लिहितील, असं विचारायचं आहे. पण थेट तिथून सुरुवात केली तर मुलं चिडतात आणि भारताची बाजू मांडायला लागतात. आधी विचारा, मुंबईतली मुलं लातूर जिल्ह्याबद्दल काय लिहितील? उत्तर लगेच येईल: दुष्काळ, आणि रेल्वेने आणलेलं पाणी. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, हे सत्य आहे. पण त्या एका उन्हाळ्यावरून अख्ख्या जिल्ह्याची ओळख ठरावी का, हे तुमची मुलं स्वतःच्या अनुभवावरून सांगतील. शिक्का कसा तयार होतो ते इथे उघडं पडतं. एक खरी घटना, तिची शंभरदा उजळणी, आणि बाकी सगळं झाकलं जाणं.

मग नेपाळकडे वळा. भारत आणि नेपाळ यांच्यात 1950चा मैत्री करार आहे. सीमा खुली आहे, व्हिसा लागत नाही, त्यामुळे तिथले लोक इथे कामाला येऊ शकतात. आपल्या गावात जे काम करणारा नेपाळी माणूस दिसतो, तेच काम पूर्ण देशाच्या कपाळावर चिकटतं. त्याला 'बहादूर' म्हणून हाक मारण्याऐवजी नाव विचारायचं, हा गृहपाठ द्या. वर्गात नेपाळी कुटुंबातलं मूल असेल, तर त्याला उभं करून "तुझ्या देशाबद्दल सांग" म्हणू नका. एका लेकराला पूर्ण देशाचा वकील करणं म्हणजे त्याच शिक्क्याची दुसरी बाजू.

वरच्या वर्गांना एक संशोधन सांगता येईल. 2005मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 49 संस्कृतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. "आमच्याकडचा माणूस साधारण असा असतो" ही लोकांची समजूत आणि तिथल्या माणसांच्या स्वभावाची प्रत्यक्ष मोजमापं यांचा मेळ बसला नाही. अमेरिकी माणूस स्वतःच्या देशाला आक्रमक समजतो आणि कॅनडाचा माणूस स्वतःच्या देशाला नमतं घेणारा. मोजल्यावर दोघांत तसा फरक निघाला नाही.

प्रश्नमंजूषा घेणार असाल तर बुद्धांच्या जन्मस्थळाचा प्रश्न नीट मांडा. "कोणत्या देशात?" असं विचारलं की वर्गात भारत विरुद्ध नेपाळ असा आखाडा होतो, आणि त्या काळी हे दोन्ही देश आजच्या रूपात नव्हतेच. "जन्म, ज्ञानप्राप्ती, पहिलं प्रवचन आणि महापरिनिर्वाण ही चार ठिकाणं सांगा आणि आजच्या नकाशात दाखवा" असं विचारा. लुंबिनी आज नेपाळात आहे. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे, बुद्धांचा जन्म इथे झाला असं त्यावर कोरलेलं आहे, आणि 1997पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर भारतात. आपल्या जिल्ह्यांत हे सगळं घरातच शिकलेली मुलं बरीच असतात. नकाशा त्यांच्या हातात द्या.

प्रश्न (क्रीडाशिक्षक, देगलूर): सीमेपलीकडच्या तेलंगणातल्या शाळेशी दरवर्षी मैदानी स्पर्धा घ्यायची आहे. मागच्या वेळी एका शर्यतीवरून हातघाईची वेळ आली. देशादेशांच्या लढतींतून काही शिकता येईल का?

भरपूर. स्वीडन आणि फिनलंड यांची मैदानी लढत 1925मध्ये हेलसिंकीत सुरू झाली आणि आजही दरवर्षी होते. 1931च्या लढतीत भांडण इतकं पेटलं, की पुढची लढत थेट 1939मध्ये झाली. तेव्हा तुमच्याकडे जे झालं ते जगावेगळं नाही.

त्यांची गुणपद्धत जशीच्या तशी उचला. प्रत्येक प्रकारात दोन्ही बाजूंचे तीन-तीन खेळाडू, आणि सहा जागांना 7, 5, 4, 3, 2, 1 असे गुण. रिलेला जिंकणाऱ्याला 5, हरणाऱ्याला 2. यामुळे एकाच तेज पोराच्या जोरावर शाळा जिंकत नाही. तुमचा मुलगा पहिला आला आणि बाकीचे दोघं चौथे-सहावे आले, तर तुमचे गुण 7, 3 आणि 1 मिळून 11. समोरच्यांचे दुसरा, तिसरा, पाचवा मिळून 5, 4, 2, तेही 11. तिसऱ्या क्रमांकाच्या पोरालाही शेवटपर्यंत जीव तोडून पळावं लागतं, आणि प्रेक्षकांना प्रत्येक जागेसाठी ओरडायला कारण मिळतं.

सुरुवातीला 100, 400 आणि 1500 मीटर, लांब उडी, गोळाफेक आणि एकच 4×100 रिले ठेवा. पाच प्रकारांचे 110 आणि रिलेचे 7, एकूण 117 गुण. आकडा विषम असल्याने पूर्ण गुण वाटले गेले तर बरोबरी होत नाही. दोन रिले ठेवल्या की बेरीज 124 होते आणि बरोबरीचा वाद उभा राहतो. दोन खेळाडू एकत्र पोहोचले तर दोन जागांच्या गुणांची सरासरी द्या. त्यातून एकूण बरोबरी झालीच, तर ज्यांचे पहिले क्रमांक जास्त तो संघ विजयी, हे आधीच लिहून ठेवा.

लिहून ठेवण्याचं महत्त्व ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला विचारा. 1 फेब्रुवारी 1981ला मेलबर्नमध्ये न्यूझीलंडला बरोबरी करायला शेवटच्या चेंडूवर 6 धावा हव्या होत्या. कर्णधार ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू हाताखालून सरपटत टाकायला सांगितलं. फलंदाज ब्रायन मॅकेक्नीने तो अडवला आणि रागाने बॅट फेकली. त्या स्पर्धेच्या नियमांत असा चेंडू टाकायला बंदी नव्हती. इंग्लंडच्या देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धांमध्ये ती आधीपासून होती, म्हणजे पळवाट माहीत असून बुजवली नव्हती. दोन्ही देशांचे पंतप्रधान त्यावर बोलले आणि न्यूझीलंडमध्ये त्या चेंडूचा विषय आजही काढला जातो.

तुमच्या कागदावर निदान एवढं असू द्या: वय कोणत्या तारखेला मोजायचं आणि पुरावा कोणता, चुकीची सुरुवात किती वेळा माफ, लेन ओलांडली तर काय, रिलेचा दांडा पडला तर कुणी उचलायचा, आणि तक्रार निकालानंतर किती मिनिटांत, कुणाकडे. शेवटचं कलम नसलं की तक्रार प्रेक्षकांतून येते, आणि तिथेच हातघाई सुरू होते. पंच दोन्ही शाळांचे नकोत, तिसऱ्या तालुक्यातले आणा. गुणफलक मैदानाच्या मधोमध लावा आणि प्रत्येक प्रकारानंतर लगेच भरा. घोषणा मराठीत आणि तेलुगूत, दोन्ही. यजमानपद आलटून पालटून ठेवा. एप्रिलचं ऊन टाळून जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी 7 वाजता सुरू करा. जेवण बक्षिसांच्या आधी आणि मिश्र पंगतीत वाढा. बक्षीस झालं की हरलेला संघ गाडीत बसतो, मग एकत्र जेवण होत नाही.

प्रश्न (व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन, बीड): सामन्याच्या दिवशी पाकिस्तान, बांगलादेशबद्दल वाट्टेल ते येतं. गंमत कुठे संपते?

खेळावर, खेळाडूच्या फटक्यावर, पंचाच्या निर्णयावर जे असेल ते राहू द्या. 2018च्या निदहास चषकात श्रीलंकेला हरवून बांगलादेशी खेळाडूंनी नागीण डान्स केला. 18 मार्चच्या अंतिम सामन्यात कोलंबोचे प्रेक्षक भारताच्या बाजूने उभे राहिले. शेवटच्या चेंडूवर 5 धावा हव्या असताना दिनेश कार्तिकने षटकार मारला, आणि मग नागीण प्रेक्षकांत डोलू लागली. त्यात जखम कुणालाच नव्हती.

भारत आणि पाकिस्तानची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नॉर्वे-स्वीडनसारखी मानणं चूक ठरेल. तिथे युद्धं झाली आहेत, माणसं मेली आहेत. वाघा-अटारीचा झेंडा उतरवण्याचा सोहळा 1959पासून दोन्ही दलांनी ठरवलेल्या शिस्तीत होत आला, तरी 2025मध्ये आपल्या बाजूने गेट उघडणं आणि हस्तांदोलन थांबवलं गेलं. संबंध बिघडले की खेळातला दिखाऊ रागही कमी करावा लागतो.

तुमच्या ग्रुपसाठी खरी कसोटी मात्र बीडमध्येच आहे. पाकिस्तानवरचा तो मेसेज वाचून तुमच्याच गल्लीतल्या मुस्लिम शेजाऱ्याला खाली बघावं लागतं का? लागत असेल, तर तो शेजारी देशावरचा विनोद नाहीच, आपल्याच माणसावर टाकलेला दगड आहे. तो लगेच काढा. अॅडमिनला इतरांचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. नियम सामन्याच्या आदल्या दिवशी टाकून पिन करा, कारण ऐन सामन्यात सांगितलेला नियम पक्षपात वाटतो. निकालानंतर अर्धा तास 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावा. सर्वांत वाईट मेसेज त्या अर्ध्या तासात येतात. दिवसभर लावून ठेवलंत तर लोक दुसरा ग्रुप काढतील.

प्रश्न (घरगुती बेकर, लातूर): पावलोवा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा फेस भाजून वर क्रीम आणि फळं घातलेला गोड पदार्थ, नेमका ऑस्ट्रेलियाचा की न्यूझीलंडचा? आणि आपल्याकडच्या ओटीजीमध्ये होतो का? माझा दोनदा चिकट झाला.

जिच्यावरून पदार्थाला नाव पडलं ती रशियन नर्तिका अॅना पावलोवा 1926मध्ये दोन्ही देशांत येऊन गेली. ऑस्ट्रेलियाचा दावा 1935चा, पर्थमधल्या हॉटेलातल्या बर्ट साख्से या शेफचा. ओटागो विद्यापीठाच्या हेलन लीच यांनी न्यूझीलंडमधल्या त्याआधीच्या पाककृती शोधून काढल्या. कागदावर न्यूझीलंडचं पारडं जड आहे, असं आमचं मत. याच दोघांनी फार लॅप नावाच्या घोड्याचाही वाद घातला. जन्म न्यूझीलंडचा, 1930चा मेलबर्न कप ऑस्ट्रेलियात जिंकला. आता कातडी मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला आणि हृदय कॅनबेराला जपलं आहे.

आता कृती. 4 अंड्यांचं पांढरं, 220 ग्रॅम बारीक साखर, 2 चमचे कॉर्नफ्लोअर, 1 चमचा पांढरं व्हिनेगर, चिमूटभर मीठ. अंडी थंड असताना फोडा, बलक नीट वेगळा होतो; पण फेटायच्या आधी पांढरं अर्धा तास बाहेर ठेवा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, व्हिनेगरने पुसलेलं. प्लास्टिकला तेलाचा अंश राहतो आणि फेस उभा राहत नाही. बलकाचा थेंब पडला तरी तेच होतं. मऊ शेंडे उभे राहिले की साखर एकेक मोठा चमचा घाला, दोन चमच्यांत अर्धा मिनिट जाऊ द्या. बोटांत चोळून बघा, कण लागले तर आणखी फेटा. मग कॉर्नफ्लोअर आणि व्हिनेगर हलक्या हाताने मिसळा आणि बटर पेपरवर 18 सेंटिमीटरचा गोल थापा. ओटीजी 150 अंशांवर तापवा, आत ठेवताच 120वर आणा, खालच्या कप्प्यात आणि शक्यतो फक्त खालची कॉइल चालू ठेवून सव्वा तास भाजा. वरची कॉइल जवळ असल्याने पृष्ठभाग तपकिरी होतो आणि आतून कच्चा राहतो. बंद केल्यावर दार किंचित उघडं ठेवून पूर्ण थंड होऊ द्या. घाईने बाहेर काढला तर खचतो.

चिकटपणाची कारणं दोन. पावसाळ्यात केला असेल तर साखर हवेतलं पाणी ओढते. लातूरच्या कोरड्या हवेत जानेवारी ते मे उत्तम. कोरड्या दिवसांतही चिकट झाला, पाकाचे थेंब सुटले, तर साखर विरघळली नव्हती. क्रीम आणि फळं वाढायच्या दहा मिनिटं आधीच घाला. कवच फार गोड असतं, म्हणून आंबट फळ हवं. बीडचं सीताफळ मोहात पाडेल, पण गोडावर गोड होतं. जालन्याच्या मोसंबीच्या सोललेल्या फोडी आणि डाळिंबाचे दाणे बरोबर बसतात. अंडं न खाणाऱ्यांसाठी काबुली चणे शिजवलेलं घट्टसर पाणी फेटून कवच करता येतं. ते पातळ आणि ठिसूळ होतं, म्हणून मोठा गोल न करता वाटीएवढे छोटे करा आणि 100 अंशांवर भाजा.